ट्रॅकवर वळण घेताना शरीर कुठे, कधी आणि कोणत्या क्रमाने

बाईक घेऊन रेस ट्रॅकवर घालवलेल्या पहिल्या दिवसाचे फोटो हाती आले की बहुतेक नवे रायडर एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. आतला, म्हणजे वळणाच्या बाजूचा, गुडघा फाटकासारखा सताड उघडा, बूड सीटवरून खाली लोंबतंय, आणि छाती-डोकं मात्र टाकीच्या मधोमध, कधी तर चक्क वळणाच्या बाहेरच्या बाजूला. सगळा भार हँडलवर. तरी रायडर खूश, कारण गुडघा जमिनीपासून चारच बोटं वर आहे.

घोटाळा फोटोपासूनच सुरू होतो. फोटोत वळणाच्या मधला एक क्षण दिसतो. त्याआधीच्या तीन-चार सेकंदांत रायडरने काय केलं आणि कशानंतर केलं, ते दिसत नाही. मग बघणारा ती शेवटची पोज उचलतो आणि नेमक्या चुकीच्या वेळी, म्हणजे बाईक झुकायला लागल्यावर, घ्यायला जातो. म्हणून इथे सगळा भर क्रमावर आहे. गिअर, क्लच आणि साधं ब्रेकिंग तुमच्या अंगवळणी पडलंय असं धरून चाललोय. आणि हे फक्त बंद ट्रॅकसाठी आहे, जिथे समोरून काही येत नाही, कडेला पळायला मोकळी जागा असते आणि मार्शल झेंडे घेऊन उभे असतात.

## आधी पाच मिनिटांचं गणित

५० मीटर त्रिज्येचं एक वळण धरा. ताशी ७० किलोमीटर वेगाने ते घ्यायला साधारण ३८ अंश झुकावं लागतं. ८० ला ४५ अंश, ९० ला ५२. प्रत्यक्षात टायरला रुंदी असते, त्यामुळे बाईक याहून काही अंश जास्तच झुकते. वेग १० किलोमीटरने वाढवला की सात अंश खर्ची पडतात, हे लक्षात ठेवा.

आता शरीर आत नेल्याने काय मिळतं ते बघू. बाईक २०० किलोची, रायडर गिअरसकट, म्हणजे हेल्मेट, सूट, बूट धरून, ७५ किलोचा. रायडरचं वजन १५ सेंटिमीटर आत सरकलं, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य साधारण चार सेंटिमीटर आत येतो. तो जमिनीपासून ६० सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर तेवढ्याच वेगाला बाईक जवळपास चार अंश कमी झुकते. म्हणजे ताशी पाच-सहा किलोमीटरची मोकळीक, किंवा तेवढाच वेग ठेवून टायरच्या कडेला थोडी शिल्लक. पहिलं वर्षभर तरी ही शिल्लकच घ्या.

यातली खोच अशी की माणसाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग डोकं, धड आणि हात यांत असतो. बूड आत नेलं आणि धड बाहेर राहिलं, तर आत गेलेलं वजन बाहेरच्या वजनाने फिटून जातं. गुडघ्याचं वजन या हिशेबात जवळजवळ नाहीच.

## १. बाईक आणि गिअर

हे पटकन उरकतो, पण वगळू नका.

- टायरमधली हवा: रस्त्यासाठी अनेक स्पोर्ट्‌स बाईकना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय सांगितलेली असते. ट्रॅकवर टायर तापला की दाब आणखी वाढतो आणि पकड कमी होते. टायर बनवणाऱ्याने ट्रॅकसाठी दिलेला आकडा पाळा. मित्राने सांगितलेला आकडा मित्राच्या टायरचा असतो.
- सस्पेन्शन: पूर्ण गिअर घालून बसल्यावर पुढे-मागे साधारण ३० ते ४० मिलिमीटर दबायला हवं. बाकी सेटिंगना पहिल्या दिवशी हात लावू नका.
- लिव्हर: ब्रेक आणि क्लच असे फिरवा की वाकून बसल्यावर मनगट आणि हात एका रेषेत येतील. गिअरचा पायखटका बुटाच्या जाडीप्रमाणे वरखाली करा.
- टाकी: दोन्ही बाजूंना ग्रिप पॅड चिकटवा. सगळ्यांत कमी पैशात सगळ्यांत जास्त फरक पाडणारी वस्तू हीच. घसरड्या टाकीवर मांडी टिकत नाही, मग हात हँडल आवळतात.
- बाकी: आरसे काढा, दिव्यांना टेप लावा, चेन आणि ब्रेक पॅड तपासा. अनेक ट्रॅकवर कूलंटऐवजी साधं पाणी भरायला सांगतात, कारण सांडलेला कूलंट तेलासारखा घसरतो.

सूट नवा असेल तर घरीच घालून अर्धा तास उठाबशा काढा. कडक लेदरमध्ये गुडघा उघडत नाही आणि दोष मात्र तंत्राला जातो.

इशारा: ट्रॅकवरून बाईक चालवतच परत जाणार असाल, तर निघण्याआधी हवा पुन्हा रस्त्याच्या दाबावर आणा.

## २. बाईक उभी असताना सराव

हा टप्पा सगळे टाळतात, आणि पुढची निम्मी दुरुस्ती इथेच होते. बाईक पॅडॉक स्टँडवर, म्हणजे चाक उचलून बाईक सरळ उभी ठेवणाऱ्या स्टँडवर, लावा आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस धरायला उभा करा. तुम्ही एका बाजूला गेलात की स्टँडवरची बाईक कलंडू शकते, त्यामुळे एकट्याने हा प्रयोग नको. मग शरीर खालून वर लावत जा.

पाय. दोन्ही पायांचे चवडे फूटपेगवर. तळव्याचा मधला भाग पेगवर ठेवायची सवय रस्त्यावरून येते. त्याने घोटा जखडतो आणि झुकल्यावर बुटाचं टोक जमिनीला घासतं. आतल्या पायाचा चवडा पेगच्या टोकाकडे, बोटं जराशी बाहेर वळलेली.

मागे सरका. टाकी आणि जांघ यांच्यात एक मूठ मावेल एवढी जागा हवी. धड बाहेर राहण्याचं खरं कारण बहुतेक वेळा इथे असतं. टाकीला चिकटून बसलेला माणूस बाजूला सरकायला गेला की त्याचं कंबरडं टाकीभोवती फिरतं आणि छाती आपोआप वळणाच्या उलट बाजूला जाते. तो खांदा आत न्यायचा प्रयत्न करत राहतो आणि जमत नाही, कारण चूक दोन फूट खाली आहे.

बूड. अर्धं आत, अर्धं सीटवर. यापेक्षा जास्त नको. कंबर बाईकला काटकोनात राहिली पाहिजे, फिरलेली नको.

बाहेरची मांडी. सगळी इमारत हिच्यावर उभी आहे. बाहेरच्या पायाची टाच किंचित उचला, चवड्याने पेग दाबा. गुडघा वर येऊन टाकीच्या खोबणीत घट्ट अडकेल. तुम्ही बाईकला धरून आहात ते या एका जागी.

धड. आता पुढे आणि आत झुका. हनुवटी आतल्या हाताच्या वर, जिथे आरसा असता साधारण तिथे. छाती जवळजवळ टाकीला लागेल इतकी खाली.

हात. आतलं कोपर वाकलेलं आणि जमिनीकडे. आतली मूठ स्क्रू-ड्रायव्हर धरतो तशी थोडी तिरकी, म्हणजे मनगट मोडत नाही. बाहेरचा हात बराचसा सरळ, त्याचा पुढचा भाग टाकीवर टेकलेला.

गुडघा. सगळ्यांत शेवटी आतला गुडघा सैल सोडा. कंबर आणि पाय नीट असले तर तो आपणहून उघडतो. ताणून उघडावा लागत असेल तर पाऊल पेगवर चुकीच्या जागी आहे.

तपासणी: या स्थितीत दोन्ही हात हँडलवरून उचला. धड होतं तिथेच राहिलं तर पाय काम करताहेत. खाली कोसळलात तर आतापर्यंत तुम्ही हँडलला लटकत होतात. दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा करा. उजवीकडे येतं आणि डावीकडे येत नाही, असं जवळजवळ प्रत्येकाचं होतं. नावडती बाजू दुप्पट करा.

## ३. पहिल्या दोन लॅप: टायर आणि खुणा

टायर गार असताना कोणतंही तंत्र वाचवत नाही. पहिल्या दोन लॅपमध्ये झुकणं हळूहळू वाढवा, ब्रेक आणि थ्रॉटल सरळ रेषेत थोडे जास्त वापरा. नागमोडी हलवण्याने टायर फारसा तापत नाही, मागून येणारे मात्र गोंधळतात.

याच लॅपमध्ये प्रत्येक वळणाच्या चार खुणा ठरवायच्या: ब्रेक कुठे, बाईक कुठे वळवायची, अ‍ॅपेक्स म्हणजे आतल्या कडेला सगळ्यांत जवळ कुठे जायचं, आणि बाहेर कुठे पडायचं. खूण न हलणारी हवी. फलक, कर्बचा (ट्रॅकच्या कडेच्या रंगीत पट्टीचा) रंग बदलतो ती जागा, डांबराचा जोड चालेल. सावली नको, दुपारच्या सेशनपर्यंत ती सरकलेली असते. ब्रेक फार उशिरा लागला तर बाकीच्या तीनही खुणा हुकतात, म्हणून सुरुवातीला ब्रेकची खूण वाजवीपेक्षा २०-३० मीटर अलीकडे घ्या.

नवा रायडर वळायला घाई करतो. लवकर वळला की अ‍ॅपेक्स लवकर येतो आणि बाहेर पडताना ट्रॅक संपतो. वळणाची खूण "आता उशीर झाला" असं वाटेल इतकी पुढे ठेवून बघा. बहुतेक वेळा तीच बरोबर निघते.

## ४. ब्रेकच्या आधी बूड हलवा

सगळ्या लेखातली एकच गोष्ट न्यायची असेल तर ही न्या.

सरळ रेषेत, थ्रॉटल चालू असताना, ब्रेकच्या खुणेच्या आधी सेकंद-दोन सेकंद: पायांवर किंचित भार घ्या, सीटवरून बोटभर उचला आणि बूड आत सरकवा. पायांनी, हँडलला ओढून नाही. धड अजून मधेच, काचेच्या मागे. आता सरळ रेषेत तुम्ही अर्धे सीटबाहेर बसलेले आहात. विचित्र वाटेल. वाटू द्या.

असं का? ब्रेक लागलेला असताना पुढचं टायर आणि सस्पेन्शन भाराखाली असतं. त्या वेळी बूड हलवलं की धक्का हँडलमधून थेट पुढच्या चाकात जातो. वळायला लागल्यावर हलवलं तर त्याहून वाईट, कारण झुकलेल्या बाईकला प्रत्येक धक्का म्हणजे लाइन, म्हणजे वळणातली ठरवलेली वाट, बदलणं. "वळणात बाईक डुलते, सस्पेन्शन बघा" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जण स्वतःच बाईक डुलवत असतात. मीही पहिल्या मोसमात मागच्या शॉकचे स्क्रू फिरवत बसलो होतो. मागून काढलेला व्हिडिओ बघितल्यावर कळलं की शॉक निर्दोष आहे.

उजवं-डावं लागोपाठ असेल तर मधे वेळ मिळत नाही. तिथे पायांवर उचलून, सीटला जेमतेम घासत एका दमात पलीकडे जायचं. उभं राहिलात तर वजन वर जातं आणि बाईक पलटायला जड होते.

## ५. ब्रेक

हाताचा, म्हणजे पुढचा, ब्रेक दोन बोटांनी. आधी लिव्हरची ढिलाई काढा, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) दबू द्या, मग जोर वाढवा. एकदम खेचला तर वजन पुढच्या टायरवर येण्याआधीच तो अडकू शकतो. गिअर एकेक करून खाली, क्लच हळू सोडत, आणि हे सगळं वळायच्या खुणेआधी संपलेलं हवं.

शरीराचं काम इथे एकच. पुढे फेकणारं वजन मांड्यांनी टाकीवर अडवायचं.

तपासणी: जोरात ब्रेक चालू असताना कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी हलवून बघा. हलली तर भार पायांवर आहे. अडकली असतील तर हातांनी स्वतःला तोलताय, आणि अशा हातांनी पुढच्या क्षणी बाईक वळवता येणार नाही.

## ६. वळवणं

क्रम असा: डोळे, हात, धड.

डोळे वळायच्या खुणेवरून आधीच अ‍ॅपेक्सकडे गेलेले हवेत. खुणेवर पोचताना तुम्ही खुणेकडेच बघत असाल, तर एक पाऊल मागे आहात.

मग आतलं हँडल पुढे ढकला. उजवीकडे जायचंय तर उजवं हँडल पुढे. यालाच काउंटरस्टीअरिंग म्हणतात. वेगात असताना बाईक झुकते ती मुख्यतः याने, अंग टाकल्याने नव्हे. एकदाच, ठामपणे ढकला आणि हव्या त्या झुकावाला पोचलात की जोर सोडा. तीन-चार वेळा थोडं थोडं ढकलणारा वळण तुकड्या-तुकड्यांत घेतो, गोल घेत नाही.

ढकलताच धड आणि डोकं आत-खाली न्या, गुडघा सैल सोडा. बूड आधीच तिथे असल्याने आता हलवायचं उरलंय ते फक्त कमरेच्या वरचं.

ब्रेकचं काय? ट्रेल ब्रेकिंगमध्ये वळताना ब्रेक थोडा धरून ठेवतात आणि जसजशी बाईक झुकते तसतसा सोडत नेतात. पुढचा टायर दबलेला राहतो, बाईक चपळ वळते. पण टायरची पकड मर्यादित असते. ती झुकण्यात खर्च होऊ लागली की ब्रेकमधून तेवढी कमी करावीच लागते.

इशारा: वरचे पाच टप्पे विचार न करता जमेपर्यंत ब्रेक सरळ रेषेतच पूर्ण करा. झुकलेल्या अवस्थेत ब्रेक वाढवणं, कितीही थोडा, म्हणजे पुढचं चाक निसटण्याला आमंत्रण.

## ७. वळणाच्या मधे

इथे करण्यासारखं फार थोडं असतं, आणि तेच जड जातं. ब्रेक सुटला की थ्रॉटल जेमतेम उघडा, इंजिन बाईकला ना ओढेल ना ढकलेल इतकाच. हात सैल. अ‍ॅपेक्स जवळ येतोय असं दिसलं की डोळे तिथून उचलून बाहेर पडायच्या खुणेवर न्या. अ‍ॅपेक्सला खिळून राहिलेला रायडर तिथे पोचतो खरा, पण पुढे कुठे जायचं हे त्याला माहीत नसतं.

गुडघा टेकला तर टेकू द्या. तो मोजपट्टी आहे, किती झुकलोय ते सांगतो. त्याच्यावर वजन टाकायचं नाही. टेकला नाही तर शोधत जाऊ नका. गुडघा शोधणारा बाईक गरजेपेक्षा जास्त झुकवतो, म्हणजे शरीर आत नेऊन जे चार अंश वाचवले ते हौसेपोटी परत देतो.

लाइन बाहेर जाऊ लागली तर: थ्रॉटल एकदम बंद करू नका, ब्रेक दाबू नका. जिथे जायचंय तिथे बघा, थ्रॉटल आहे तिथे धरा, डोकं आणि आतला खांदा अजून खाली न्या, आतलं हँडल अजून थोडं ढकला. बहुतेक वेळा टायरमध्ये जागा शिल्लक असते, डोक्यात नसते. तरीही ट्रॅक संपणारच असेल तर बाईक आधी सरळ उभी करा आणि सरळच बाहेर जा. मातीत झुकलेली बाईक पडतेच.

## ८. बाहेर पडणं

आधी बाईक उचला, मग थ्रॉटल वाढवा. बाहेरचं हँडल हलकेच ढकलून बाईक सरळ करत आणा, पण स्वतः आतच लटकलेले राहा. शरीर आत आणि बाईक उभी, म्हणजे टायरचा रुंद भाग जमिनीवर आणि ताकद टाकायला जागा. लोक उलट करतात. घाईने सीटवर परत येतात आणि बाईक अजून झुकलेली असतानाच मनगट पिळतात.

इशारा: झुकलेल्या बाईकवर थ्रॉटल जास्त झाला की मागचं चाक सरकतं. घाबरून थ्रॉटल झटक्यात बंद केला की ते चाक अचानक पकडतं, बाईक उभी उसळते आणि रायडरला वर फेकते. हाच हायसाइड. झुकाव आणि थ्रॉटल एकाच वेळी वाढवायचे नाहीत, एवढं पाळलं तर तो बराचसा टळतो. चाक जरा सरकलंच, तर थ्रॉटल वाढवणं थांबवा आणि धरून ठेवा, बंद करू नका.

## शरीर काय सांगतंय ते वाचा

सेशन संपल्यावर हेल्मेट काढायच्या आधी विचारा: कुठे दुखतंय?

हातांचे पुढचे भाग दगडासारखे झाले असतील तर ब्रेकखाली आणि वळणात हँडलवर लटकताय. टप्पा २ ची हात सोडायची तपासणी पुन्हा करा. बाहेरच्या मांडीचा आतला भाग दुखतोय तर छान, तो दुखायलाच हवा. आतली मांडी दुखत असेल तर गुडघा ताणून उघडताय. मान दुखतेय म्हणजे बहुधा डोकं वळवताय पण धड मागे राहतंय. बुटाचं टोक घासलंय म्हणजे चवडा पेगवर नाही.

शक्य असेल तर कोणाला तरी मागून व्हिडिओ काढायला सांगा. समोरचा फोटो फसवतो. मागून बघताना पाठीच्या कण्याची रेष बघा. ती बाईकच्या मधल्या रेषेच्या आत, तिला साधारण समांतर किंवा तिच्यापेक्षा थोडी जास्त आत झुकलेली हवी. दोन्ही रेषा एकमेकींना छेदत असतील तर धड बाहेर राहिलंय, आणि दुरुस्ती खांद्यात नाही, टाकीपासूनच्या त्या मूठभर अंतरात आहे.

## दिवसाची आखणी

एका सेशनला एकच गोष्ट. पहिल्यात फक्त खुणा आणि नजर, शरीर जवळपास मधेच. दुसऱ्यात ब्रेकआधी बूड हलवणं. तिसऱ्यात बाहेरची मांडी. धड आणि डोकं त्यानंतर. वेग तुमच्या मते जास्तीत जास्त असेल त्याच्या सत्तर टक्के ठेवा. डोक्याला मोकळीक नसेल तर नवी सवय बसत नाही, जुनीच पक्की होते. त्या दिवशीचा लॅप टायमर बाईकवरून काढून बॅगेत टाका.

झेंड्यांची माहिती सकाळच्या ब्रीफिंगमध्ये मिळते, नीट ऐका. पिवळा दिसला तर ओव्हरटेक नाही. लाल दिसला तर हात वर करून, मागच्यांना कळेल असा हळूहळू वेग कमी करत पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या थांब्यात, या. जागच्या जागी ब्रेक मारू नका.

आणि एका सेशनमध्ये दोनदा खूण हुकली, किंवा बूड हलवायचं लक्षातच राहिलं नाही, तर डावा हात वर करा आणि त्याच लॅपला पिटमध्ये वळा. पाणी प्या, पाठ टेका. शेवटचं सेशन भरून काढायला म्हणून घेऊ नका. मांड्या थकल्या की भार हातांवर येतो, आणि दिवसभर जे शिकलात ते त्या शेवटच्या पंधरा मिनिटांत उलटं शिकून परत जाता.